आमची वाटचाल: पानं मोजणाऱ्यांच्या बाजारात

सांगली-कोल्हापूरकडे रेकॉर्डच्या धंद्यात, म्हणजे संस्थांचे जुने कागद लावून, सूची करून सांभाळायच्या कामात, आमची फर्म दोन गोष्टींसाठी ओळखली जाते. आमचा दर जास्त आणि आमचं रजिस्टर जाड. दोन्ही खरं आहे. दर का जास्त हे रजिस्टर बघितल्यावर कळतं, म्हणून वाटचाल सांगताना मी रजिस्टरबद्दलच जास्त सांगणार आहे.

माहितीचा अधिकार 12 ऑक्टोबर 2005 ला लागू झाला. कलम 4 नं अभिलेखांच्या सूची करून ठेवायला सांगितल्या, अर्जाला उत्तर 30 दिवसांत, उशीर झाला तर दिवसाला 250 रुपये आणि जास्तीत जास्त 25,000 दंड. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही 2005 चाच. वर्षानुवर्षं कुलूप लागलेल्या रेकॉर्ड रूम उघडायची वेळ सगळ्यांवर एकदम आली. त्या धांदलीत आम्ही उभे राहिलो. आम्ही म्हणजे मी आणि अण्णा. अण्णा तहसील कार्यालयातून अभिलेखापाल म्हणून निवृत्त झालेले. सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत वेगळे लावायची सरकारी रीत, त्यांच्या अंगवळणी पडलेली, आणि नगरचा लखिना पॅटर्न, म्हणजे जिल्हाधिकारी लखिनांनी केलेली कार्यालयीन सुधारणा, गाजला तेव्हा ते ऐन नोकरीत होते. भांडवल माझं, विद्या त्यांची.

आजही आमच्याकडे नवा मुलगा आला की पहिला आठवडा त्याला कॉम्प्युटरला हात लावू देत नाही. हातात दाभण देतो. आधी स्टेपलच्या पिना काढायच्या, कारण गंज कागद खातो. डाव्या बाजूला दीड इंच सोडायचं, भोकं एका रेषेत पाडायची, दोरा आवळायचा पण कागद चुरगळेल इतका नाही. मग वर-खाली पुठ्ठा आणि लाल खारव्याचा रुमाल. रुमालाची समोरासमोरची टोकं आधी बांधायची, उरलेल्या दोन टोकांची सरकगाठ, म्हणजे एका ओढीत गठ्ठा सुटतो. बाहेर चिठ्ठी: विभाग, वर्ष, वर्ग, कुठल्या क्रमांकापासून कुठपर्यंत. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' 30 वर्षं, 'ड' वर्षभर, हे चिठ्ठीवरच दिसलं पाहिजे. बारकोड आम्हीही लावतो. पण लाइट गेली तरी अण्णांच्या चिठ्ठीवरून फाइल निघते.

रजिस्टरचं श्रेय एका नागरी सहकारी बँकेच्या मॅनेजरसाहेबांना. आमचं पहिलं मोठं काम त्यांचं. काम संपल्यावर किती गठ्ठे बांधले, किती रॅक लावले, किती पानांची सूची केली असा चकचकीत अहवाल घेऊन मी गेलो. त्यांनी तो बाजूला ठेवला, कर्जखात्यांच्या यादीवर डोळे मिटून पाच ठिकाणी पेन टेकवलं आणि म्हणाले, "ही पाच गहाणखतं आणा. मी घड्याळ लावतो." पाचही आली. तेव्हापासून दर महिन्याला साहेब पाच खाती काढायचे, आणि प्रत्येकाची वेळ आम्ही एका वहीत लिहायला लागलो. ती वही म्हणजे आमचं 'मागितला-मिळाला' रजिस्टर.

पुढची वर्षं सरळ गेली.

मग ऑगस्ट 2019 आला. सांगलीकरांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे वेगळे सांगायला नकोत. 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका. आमचं गोदाम गावातच होतं आणि 2005 च्या पुराची खूण भिंतीवर होती. सगळे रॅक त्या खुणेच्या वर चढवलेले होते, खालचे कप्पे मोकळे. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. 2005 ची खूण पाण्याखाली गेली, आणि तिच्यावर तीन कप्पे.

भिजलेला कागद फुगतो. गठ्ठे इतके फुगले होते की रॅकमधून ओढून निघेनात, बोल्ट सैल करून कप्पेच उतरवावे लागले. लोक म्हणत होते, उन्हात पसरा. अण्णा दारात आडवे उभे राहिले. उन्हात वाळवलेला कागद वाकडा होतो आणि चिकटलेली पानं कायमची चिकटतात. गठ्ठा उघडायचा नाही, बंद गठ्ठाच स्वच्छ पाण्यात धरून गाळ काढायचा, आणि दोन दिवसांच्या आत थंडीत न्यायचा, नाहीतर बुरशी धरते. पूर ओसरेपर्यंत दोन दिवस उलटूनच गेले होते. त्यामुळे हातात आलेला प्रत्येक तास मोलाचा होता. तासगावकडे बेदाण्याची शीतगृहं आहेत. एका मालकांनी मोकळी खोली दिली, पैशाचं नावही काढलं नाही. तिथल्या तापमानाला कागद गोठत नाही, पण बुरशीची वाढ मंदावते. मग दोन-दोन गठ्ठे बाहेर काढून, पानांमध्ये कोरा न्यूजप्रिंट घालून, पंख्याखाली सुकवायचे, ओला झालेला न्यूजप्रिंट बदलायचा, परत तेच. हे महिनोन्‌महिने चाललं. शाईपेनचं निळं अक्षर बरंच पसरलं. बॉलपेन आणि टाइप केलेलं टिकलं. गुळगुळीत कागदाच्या काही वह्यांची मात्र वीट झाली होती.

मॅनेजरसाहेब तेव्हा निवृत्तीला आले होते. बँकेतली चार मुलं त्यांनी आमच्याकडे पाठवली आणि संचालकांना सांगून वर्षाचं बिल आगाऊ दिलं. तो चेक आला नसता तर मी आज हे लिहीत नसतो. आमचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून उचलायची रक्कम, टोकाला गेलं होतं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत एक बाहेरगावची कंपनी आमच्या ग्राहकांच्या दारात गेली. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना ठाऊक आहे. गोदामात गाळ होता तेव्हा त्यांच्या हातात माहितीपत्रक होतं: पूर येतच राहणार, कागद ठेवताच कशाला, स्कॅन करा आणि मोकळे व्हा. दर पानामागे काही पैसे. आम्ही सूचीसकट जो दर लावतो, त्याच्या निम्म्यातच त्यांचं काम व्हायचं. बरीच वर्षं सोबत असलेले ग्राहक एकेक करून गेले. फोनही करायची तसदी काहींनी घेतली नाही. ते मला अजून बोचतं.

त्यांचा अहवाल मी पाहिला आहे. इतकी लाख पानं पूर्ण, काम शंभर टक्के. हार्ड डिस्कमध्ये काय होतं? 'स्कॅन_0001', 'स्कॅन_0002', अशा फाइल्सची रांग. खातं क्रमांक नाही, वर्ष नाही, आडवी आलेली पानं आडवीच. मागच्या बाजूचे शेरे आणि शिक्के स्कॅनच केले नव्हते. एका ठिकाणी तर मूळ गठ्ठे रुमाल सोडून पोत्यांत भरले होते. शंभर टक्के काम झालं होतं आणि एक कागद मागितला तर सापडत नव्हता.

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2023 मध्ये परिपत्रक काढलं आणि 1 डिसेंबर 2023 पासून नियम लागू झाला. कर्ज पूर्ण फिटलं की 30 दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रं परत द्यायची. बँकेच्या बाजूनं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये कर्जदाराला. नागरी सहकारी बँकांनाही हे लागू आहे. मूळ कागद, स्कॅन नव्हे! त्या हिवाळ्यात आमचा फोन पुन्हा वाजायला लागला. गेलेल्यांपैकी दोघे परत आले. पोत्यांतून गहाणखतं वेचायचं काम आम्हीच केलं, आणि त्याचा दर मी पूर्ण लावला.

आता कोणी विचारलं नसलं तरी सांगतो, कारण रेकॉर्डवर खर्च करणाऱ्या बहुतेक संस्था चुकीची गोष्ट मोजतात. पानं, गठ्ठे, रॅक, टेराबाइट हे सगळं काम किती केलं ते सांगतं. जमलं का ते सांगत नाही. आमच्या रजिस्टरमध्ये मागणीची वेळ, दिल्याची वेळ आणि शेरा असतो, आणि शेरे चारच: मिळाला, बाहेर आहे, चुकीच्या जागी सापडला, नाही. 'चुकीच्या जागी' आणि 'नाही' हे कधी एकत्र करू नका. पहिला दोष फाइल परत ठेवणाऱ्याचा असतो, दुसरा बहुतेक वेळा फाइल आतच न येण्याचा. दोन्हींचे इलाज वेगळे.

सरासरी वेळ तर मुळीच देऊ नका. नऊ फाइल्स दहा मिनिटांत आणि एक तीन आठवड्यांनी, याची सरासरी काढून कोणाला काय कळणार? त्या महिन्यातली सगळ्यात उशिरा मिळालेली फाइल कुठली आणि का, एवढं एक पान संचालकांपुढे ठेवा. तपासणी दोन्ही बाजूंनी करा: सूचीतून नाव उचलून रॅकवर जा, आणि रॅकवरून गठ्ठा उचलून सूचीत शोधा. दुसरी तपासणी फारसं कोणी करत नाही, आणि सूचीत नसलेला कागद तिथेच सापडतो. मुदत संपलेले गठ्ठे ठरल्या वर्षी, सही घेऊन, नोंद ठेवून नष्ट झाले का, हेही मोजा. आयएसओ 15489 हे रेकॉर्ड सांभाळण्याचं आंतरराष्ट्रीय मानक वाचा, 2016 ची आवृत्ती. अस्सलपणा, विश्वासार्हता, अखंडता आणि वापरता येणं, हे चार निकष त्यात आहेत. आमचे मॅनेजरसाहेब चौथ्यापासून सुरुवात करायचे.

आणि एक खूण कुठल्याच पुस्तकात मला दिसली नाही. रेकॉर्ड रूम लावून झाल्यावर सहा महिन्यांनी कारकुनांचे ड्रॉवर उघडून बघा. झेरॉक्सचे खाजगी गठ्ठे तिथे असतील तर त्यांचा रेकॉर्ड रूमवर विश्वास बसलेला नाही, तुमचा अहवाल काहीही म्हणो. आम्ही काम घेताना ड्रॉवरमधले असे गठ्ठे मोजतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजतो. एका पतसंस्थेत वसुलीच्या टेबलाखाली तीन खोकी भरली होती. पुढच्या मोजणीला एक उरलं, आणि त्यातही कॅलेंडरं होती. त्या दिवशी मी सगळ्या पोरांना पेढे वाटले.

गोदाम आता कुपवाडला, पहिल्या मजल्यावर आहे. अण्णा थकले आहेत, पण महिन्यातून एकदा येतात आणि गाठी तपासतात. यंदा तिथेच आणखी जागा घेतोय. निविदा काढणाऱ्या बँका आणि पतसंस्थांना आमचं एकच मागणं आहे. पानामागे दर मागवा हवा तर, पण बिलाचा शेवटचा हप्ता 'मागितला-मिळाला' तपासणीवर ठेवा. खाती तुम्ही निवडा, घड्याळ तुमचं. रजिस्टरचा कोरा नमुना आमच्याकडे मिळेल, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. काम आम्हाला दिलं नाही तरी चालेल.