२२ इलेक्ट्रोड आणि एक शीर्षकगीत

मी बडोद्यात ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. दांडिया बाजारातल्या एक काकू माझ्याकडे आल्या, तेव्हा श्रवणयंत्राचा त्यांना काहीच उपयोग राहिला नव्हता. निवृत्त शिक्षिका, विषय संस्कृत. कॉक्लियर इम्प्लांटची, म्हणजे आतल्या कानात इलेक्ट्रोड बसवून श्रवणतंतूला विजेचे संकेत देणाऱ्या उपकरणाची शस्त्रक्रिया झाली, स्विच-ऑन झालं, म्हणजे ते पहिल्यांदा चालू केलं, मॅपिंगच्या, म्हणजे इलेक्ट्रोडची पातळी जुळवण्याच्या फेऱ्या झाल्या आणि हळूहळू बोलणं कळू लागलं. काका रोज वर्तमानपत्रातलं एकेक वाक्य वाचायचे, काकू ते म्हणून दाखवायच्या. प्रगती उत्तम होती. पण घरात गाणं लागलं की त्या प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचा बाहेरून लावायचा भाग, काढून ठेवायच्या.

"अगं, नुसता खडखडाट होतो," त्या म्हणाल्या. "पूर्ण बहिरी होते तेव्हा निदान आठवणीतलं गाणं तरी शुद्ध वाजायचं."

हे वाक्य मला फार लागलं. त्यामागचं कारणही मला माहीत होतं. निरोगी कानाच्या शंखात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण ३५०० असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचं काम करायला बनावटीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोड. आवाज कधी सुरू झाला, कधी थांबला, केव्हा चढला, केव्हा उतरला, हे इलेक्ट्रोड चोख पोचवतात. त्यामुळे लय कळते आणि शब्दही कळतात. सूर मात्र हरवतो. शेजारचे दोन स्वर एकाच इलेक्ट्रोडवर येऊन पडले तर त्यांतला फरक ऐकायचा कसा? आणि आपल्या संगीतात तर मींड आहे, दोन स्वरांमधल्या प्रवासालाच अर्थ आहे. इम्प्लांट सगळ्यात दुबळं पडतं ते तिथेच.

त्यांना आवडणारी भावगीतं लावून झाली होती. एकही ओळखू आलं नव्हतं. त्या दिवशी मी वेगळा विचार केला. जे गाणं आपण निरनिराळ्या मैफिलीत, निरनिराळ्या गळ्यांतून ऐकतो, त्याची आठवण सैल असते. पण मालिकेचं शीर्षकसंगीत? तेच ध्वनिमुद्रण, तोच वेग, तोच वाद्यमेळ, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, वर्षानुवर्षं. एका वाहिनीच्या काळात तर शेजारच्या घरातूनही तेच यायचं. इतकी नेमकी आठवण दुसऱ्या कुठल्या संगीताची असेल? तुटक आवाजाला जुळवून घ्यायला मेंदूला असाच पक्का साचा लागतो. म्हणून काकांना विचारून मी एक यादी केली आणि ब्लूटूथवरून आवाज थेट प्रोसेसरमध्ये सोडला. मोबाइल काकूंपासून लपवून धरला, चित्र दिसू दिलं नाही.

सुरुवात 'मालगुडी डेज'ने केली. आर. के. लक्ष्मण यांच्या रेषांवर एल. वैद्यनाथन यांनी बांधलेली ती 'ता ना ना' ची धून. अक्षरं सुटी, ताल उघडा. काकूंनी तर्जनी वर केली आणि टेबलावर ठेका धरला. "स्वामी," त्या म्हणाल्या. मालिकेचं नाव आठवलं नाही, पण तो मुलगा आठवला.

'महाभारत' लगेच ओळखलं. १९८८ साली सुरू झालेली मालिका, संगीत राजकमल यांचं, आवाज महेंद्र कपूर यांचा. 'अथ श्री' एवढं ऐकून त्या पुढचं म्हणू लागल्या. 'आभाळमाया'लाही तसंच. अल्फा मराठी केबलवर आल्यावर बडोद्यातल्या आमच्यासारख्या घरांना रोजची मराठी तिथून मिळू लागली, त्यामुळे मंगेश कुलकर्णींचे शब्द काकूंना पाठ होते. देवकी पंडितांचा एकटा, स्वच्छ आवाज, मागे फार गर्दी नाही. शब्द कळले. चाल? "चाल नाही गं कळली. कुणीतरी कविता वाचतंय असं वाटलं." अशोक पटकींची चाल गेली आणि शब्द उरले. मी तशी नोंद केली.

मग 'भारत एक खोज' लावलं. हे जमणार नाही असंच मला वाटत होतं. वनराज भाटियांनी ऋग्वेदातलं नासदीय सूक्त समूहस्वरात घेतलं आहे. आधी संस्कृत, मग वसंत देव यांनी केलेलं हिंदी. अनेक गळे एकदम आले की इम्प्लांटमध्ये सगळ्याचा लगदा होतो. काकूंचा चेहरा आक्रसला. "खूप माणसं एकदम बोलतायत." मी बंद करणार, तेवढ्यात त्यांनी हात धरून थांबवलं. या सूक्ताच्या त्रिष्टुभ छंदाचं वजन त्यांनी आयुष्यभर वर्गात हातवारे करून शिकवलेलं. ते त्यांना सापडलं असावं. "पुन्हा लाव."

दुसऱ्या वेळी त्या स्वतः म्हणू लागल्या, 'नासदासीन्नो सदासीत् तदानीम्'. ध्वनिमुद्रणाच्या किंचित पुढे. प्रत्येक अक्षर त्या आधी उच्चारत होत्या आणि मग तेच कानात येऊन भेटत होतं. हिंदी सुरू झालं, 'सृष्टि से पहले सत नहीं था', आणि त्या गप्प झाल्या, नुसत्या ऐकत राहिल्या. "आत्ता वर गेलं," त्या म्हणाल्या, "आता खाली आलं." चाल! स्विच-ऑननंतर पहिल्यांदाच त्या सुराबद्दल बोलत होत्या. काका खुर्चीतून उठून उभे राहिले.

हे ऐकणं की आठवणं? मला वाटतं, दोन्ही. श्रवणशास्त्रात यात काही गूढ नाही. पुढे काय येणार हे ठाऊक असलं की अर्धवट संकेतातूनही मेंदू पूर्ण आकृती उभी करतो. पण पुस्तकात वाचलेलं माझ्यासमोर असं घडताना पाहून माझेही डोळे भरून आले.

शेवटी दूरदर्शनची धून लावली. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खान यांची. संथ, लांबत जाणारे स्वर, ताल नाही, शब्द नाहीत. इम्प्लांटसाठी याहून अवघड काही नाही. काकूंनी मान हलवली, नाही. मग मी मोबाइल समोर धरला. दोन वक्ररेषा फिरत येतात आणि डोळ्याचा आकार घेतात, ते चिन्ह. जवळच अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकणाऱ्या देबाशीष भट्टाचार्य यांच्या रेखाटनातून ते आलं. आकाशवाणीपासून दूरदर्शन वेगळं झालं १९७६ साली, तेव्हापासूनचं. रेषा फिरू लागल्या तशी काकूंची मान त्यांच्याबरोबर सावकाश फिरली. "हां, आता थोडं येतंय. निम्मं येतंय."

त्या दिवसापासून त्यांचा गृहपाठ बदलला. आधी चित्रासह, मग चित्राशिवाय; आधी सोबत म्हणायचं, मग नुसतं ऐकायचं. भावगीतं पुढच्या टप्प्याला. मोठेपणी बहिरेपण आलेला कुणीही आता माझ्याकडे आला की केस पेपरवर मी एक रकाना वाढवते: घरातल्या टीव्हीवर काय लागायचं? परवा चाळिशीतले एक गृहस्थ आले. त्यांच्या यादीत पहिलं नाव 'शक्तिमान' आहे, आणि त्याची ध्वनिफीत मी काढून ठेवली आहे.