एकच कोष्टक, तीन वर्ग, दोन उत्तरे

मागच्या सत्रातील अंतर्गत चाचणीत मी द्वितीय वर्षाच्या वर्गाला एक अगदी सरळ प्रश्न विचारला होता: प्रमाणित प्रसामान्य चलाची किंमत १.९६ पेक्षा कमी असण्याची संभाव्यता किती? निम्म्या मुलांनी ०.९७५० असे उत्तर लिहिले आणि उरलेल्यांतील बहुतेकांनी ०.४७५०. चुकलेल्यांना बोलावून घेतले, तेव्हा एका मुलीने आपली झेरॉक्स पुढे केली आणि म्हणाली, "सर, तुम्हीच टाकलेल्या टेबलमधून काढलंय." तिचे खरे होते. प्रसामान्य वितरणाची कोष्टके दोन प्रकारे छापली जातात. एका प्रकारात वक्राखालचे, दिलेल्या किमतीच्या डावीकडचे सगळे क्षेत्रफळ, म्हणजेच संभाव्यता, असते, तर दुसऱ्यात शून्यापासून त्या किमतीपर्यंतचेच असते, त्यामुळे त्यात ०.५ मिळवावे लागते. मूडल या अभ्याससाहित्य ऑनलाइन देण्याच्या प्रणालीवरील माझ्या पानावर ही दोन्ही कोष्टके दोन वेगळ्या घटकांखाली होती, आणि दोन्ही फायलींचे नाव 'टेबल्स' असेच होते. शेवटी त्या प्रश्नाचे गुण सर्वांना द्यावे लागले.

मी २००९ पासून मूडल वापरतो आणि आपले पान नीटनेटके असल्याचा मला थोडा अभिमानच होता. घटकवार विभाग, प्रत्येकाला शीर्षक, वर दोन ओळींची सूचना, सगळे जागच्या जागी. परंतु ही सारी मांडणी पानावर बसून वाचणाऱ्यासाठी होती, आणि तसे वाचणारा विद्यार्थी माझ्या वर्गात क्वचितच सापडेल. मुले फाईल उतरवून घेतात, ती मोबाईलच्या डाउनलोड्समध्ये जाऊन पडते, आणि तिथे तिच्या शेजारी रेल्वेचे तिकीट, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि दुसऱ्या विषयाच्या 'नोट्स फायनल नवीन' असतात. माझे विभाग, शीर्षके आणि सूचना पानावरच राहतात; फाईलबरोबर जाते ते फक्त तिचे नाव. ही गोष्ट लक्षात यायला मला पंधरा वर्षे लागावीत, याची लाज वाटते.

त्यामुळे उन्हाळी सुट्टीत पहिले काम नावे बदलण्याचे केले. मूडलच्या पानावर लावलेल्या एका वस्तूला, म्हणजे फाईलच्या नोंदीला, दोन नावे असतात, हे पुष्कळ सहकाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पानावर जे ठळक दिसते ते शीर्षक आपण मागाहून टंकलेले असते, आणि आतल्या फाईलचे नाव मात्र आपल्या संगणकावर जे होते तेच राहते. शीर्षकात 'घटक ३: द्विपद वितरण, सोडवलेली उदाहरणे' असे सुंदर मराठी असते आणि मुलाच्या हाती पडते ती 'स्कॅन००४७'. आता मी वर्ग, विषय, घटक आणि मजकूर याच क्रमाने नाव देतो, उदाहरणार्थ 'SY_Sankhya_Ghatak03_Dwipad_Udaharane'. एक ते नऊ या आकड्यांच्या आधी शून्य लावतो, कारण नावे अक्षरागणिक लावणाऱ्या ॲपमध्ये घटक १० हा घटक १ च्या पाठोपाठ आणि घटक २ च्या आधी येऊन बसतो. तारीख द्यायचीच असेल तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस.

नावे देवनागरीत ठेवावीत का, यावर मी बराच घोटाळलो. मन होकार देत होते. परंतु युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्तही स्वतंत्र मोजले जातात. 'संख्याशास्त्र' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण संगणकाच्या हिशेबात तो १३ चिन्हांचा, म्हणजे ३९ बाइटचा आहे. दुव्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे असा पसरतो, म्हणजे एकूण ११७ अक्षरे होतात. असा दुवा व्हॉट्सॲपवर टाकला की अर्धा पडदा भरतो. शिवाय अँड्रॉइड आणि लिनक्सवर एका फाईलच्या नावाची मर्यादा साधारणतः २५५ बाइट असते, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे, आणि आपली लांबलचक शीर्षके तिथवर सहज पोहोचतात. जुन्या संगणकांवर झिप उघडताना मराठी नावांची जी चौकटी-चौकटींची रांगोळी होते, ती तर सर्वांनी पाहिलेली आहे. अखेरीस मी तडजोड केली: पानावरील शीर्षक शुद्ध मराठीत, फाईलचे नाव रोमन लिपीत आणि आखूड. मराठी विभागातील सहकाऱ्यांना ही तडजोड पटलेली नाही, आणि त्यांचे वाईट वाटणे मला समजते. एक मात्र त्यांनीही मान्य केले की नावात कधी मराठी अंक आणि कधी इंग्रजी अंक अशी सरमिसळ करू नये, कारण मग क्रम लागता लागत नाही.

खरा गुंता मात्र नावापेक्षा जागेचा होता. कोष्टके प्रथम, द्वितीय आणि तृतीय या तिन्ही वर्षांना लागतात, आणि मी ती तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या वेळी चढवली होती. मूडल १.९ मध्ये प्रत्येक अभ्यासक्रमाचे स्वतःचे एक फायलींचे कपाट असे. त्यातील फाईल बदलली की त्या अभ्यासक्रमात जिथे जिथे तिचा दुवा दिला असेल तिथे तिथे ती बदललेली दिसे. नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या २.० आवृत्तीने हे कपाट मोडीत काढले. तेव्हापासून फाईल जिथे वापरली त्या वस्तूची असते, आणि तीच फाईल दुसरीकडे वापरली की ती दुसरी नोंद होते. सर्व्हरवर मजकूर एकदाच साठतो, कारण त्याच्या मजकुरावरून काढलेल्या ४० अक्षरी खुणेनेच तो ठेवला जातो आणि तंतोतंत सारख्या दोन फायलींची खूण एकच येते. त्यामुळे जागा वाचते, मात्र आपली सोय होत नाही. तिन्हींपैकी एका ठिकाणी दुरुस्ती केली की उरलेली दोन ठिकाणे जुन्या मजकुरावरच राहतात. नियंत्रणाच्या दृष्टीने ही पद्धत अधिक सुरक्षित आहे, कारण कोणत्या फाईलला कोणाचा प्रवेश आहे हे त्या वस्तूवरून ठरते. तरीही ते जुने कपाट मला अजून आठवते.

यावरचा एक उपाय म्हणजे मूडलवरील आपल्या खात्यातल्या खाजगी फायलींतून फाईल निवडताना प्रत न करता तिचा शॉर्टकट घेणे. मूळ बदलले की सगळीकडे बदलते. परंतु मूळ फाईल एका शिक्षकाच्या खात्यात राहते, आणि आमच्या विभागात कोष्टकांना तिघांचे हात लागतात. म्हणून आम्ही 'विभागीय साहित्य' नावाचा एक स्वतंत्र अभ्यासक्रम उघडला आणि तिन्ही वर्षांचे वर्ग मेटा लिंकने त्याला जोडले. वर्गात नाव नोंदवलेला विद्यार्थी तिथे आपोआप दाखल होतो. कोष्टके, सूत्रपत्रिका, प्रात्यक्षिकांच्या जर्नलचा नमुना आणि संदर्भग्रंथांची यादी एवढेच तिथे आहे. प्रत्येक वर्गाच्या पानावर फक्त दुवा आहे. डावीकडचे क्षेत्रफळ देणारे कोष्टक ठेवले. दुसरे काढून टाकले, आणि उरलेल्याच्या पहिल्या पानावर छायांकित आकृती घातली, म्हणजे कोणते क्षेत्रफळ दिले आहे हे नाव न वाचणाऱ्यालाही दिसेल.

दुरुस्तीची सवयही बदलावी लागली. पूर्वी नोट्समध्ये चूक सापडली की मी 'सुधारित' म्हणून नवी फाईल जुनीच्या खाली लावत असे, आणि जुनी काढायची राहून जाई. आता त्याच वस्तूच्या सेटिंगमध्ये जाऊन आतली फाईल बदलतो. वस्तूचा दुवा तोच राहतो. फाईलशेजारी बदलाची तारीख दाखवण्याची सोयही तिथेच आहे, ती चालू केली. व्हॉट्सॲपच्या गटावर पीडीएफ टाकणे मी बंद केले आहे, तिथे केवळ दुवा देतो. यावर मुलांची तक्रार आहे की दर वेळी लॉगिन करावे लागते. तक्रार रास्त आहे. मूडलच्या ॲपमध्ये अभ्यासक्रम उतरवून ठेवता येतो हे त्यांना एका तासात बसून दाखवले, तेव्हा आवाज जरा कमी झाला. गटावर गेलेली आणि मुलांनी उतरवून घेतलेली पीडीएफ परत बोलावता येत नाही, त्यामुळे या एका बाबतीत मी हटून बसलो आहे.

फोल्डरबद्दल थोडक्यात सांगतो. मागील प्रश्नपत्रिका मी फोल्डरमध्ये ठेवतो, कारण त्या एकगठ्ठाच हव्या असतात आणि सगळा फोल्डर झिप करून घेता येतो. घटकाच्या नोट्स मात्र सुट्या लावतो. फोल्डरमधील एकच फाईल लपवता येत नाही, किंवा तिच्यावर स्वतंत्र तारखेची अट घालता येत नाही.

जूनमध्ये नवे वर्ष सुरू होताना जुना अभ्यासक्रम रिकामा करून तोच वापरण्याचा मोह दरवर्षी होतो. तसे न करता नवा अभ्यासक्रम उघडून त्यात जुन्यातील साहित्य इम्पोर्ट करतो. मुलांच्या असाइनमेंट आणि गुण जुन्यातच राहतात. जुना लपवायलाही मी घाई करत नाही. गेल्या वर्षी तो लपवला आणि आठ दिवसांत एटीकेटीचा एक मुलगा दारात उभा राहिला. त्याला जुन्या पाठ्यक्रमाची परीक्षा द्यायची होती आणि त्याच्या मोबाईलवर त्या विषयाची एकच फाईल शिल्लक होती. तिचे नाव 'टेबल्स (२)' असे होते.