रबाळ्यात पॉलिएस्टर रंगवून घ्यायचंय? आधी हे वाचा

नाटकाच्या कपड्यांसाठी पॉलिएस्टर साटीनचा एक तागा गडद मरून हवा होता. ठाण्यातला एक रंगवाला छातीठोकपणे म्हणाला, "साध्या उकळीत थोडा कॅरिअर टाकला की झालं." कॅरिअर म्हणजे रंग धाग्यात शिरायला मदत करणारं रसायन. त्याच्या वासाबद्दल, डागांबद्दल, वरच्या खर्चाबद्दल अवाक्षर नाही. त्याच्या भरवशावर रबाळ्यातल्या कारखान्याकडे निघाले.

ट्रान्स हार्बरने रबाळ्यापर्यंत काहीच त्रास नाही. बाहेर पडून ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की खरी गंमत. 'एमआयडीसी' म्हटलं की रिक्षाचा मीटर बंद पडतो आणि आकडा थेट दीडशे. किमान भाडं 26 रुपये आहे, हे सांगून पाहिलं, तो हसला. चिडून चालत गेले. तुम्ही जाऊ नका. फुटपाथ मधेच संपतो, टँकर अंगावर येतात, त्यात खांद्यावर तागा.

कारखान्यात उघडी विंच, म्हणजे दाबाशिवाय, उकळत्या रंगात कापड फिरवणारं यंत्र. पॉलिएस्टरचा धागा साधारण 80 अंशांपर्यंत घट्ट मिटलेला असतो, उकळीलाही पुरेसा खुलत नाही, म्हणून डिस्पर्स रंग (पॉलिएस्टरला लागणारा रंग) गडद शेडपुरता आत शिरत नाही. इथला कॅरिअर म्हणजे मिथाइल नॅफ्थॅलिनसारखं द्रावक. ते धाग्यात घुसून त्याला सैल करतं आणि 100 अंशांतही शेड गडद येते. हे खरंच होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. पण डांबराच्या गोळ्या उकळल्यासारखा वास, डोकं भणभणलेलं, आणि वरच्या झाकणावर साठलेले कॅरिअरचे थेंब कापडावर टपकून पडलेले काळपट ठिपके. हायड्रो-कॉस्टिकने (वरवरचा रंग काढायच्या रसायनांनी) धुऊनही वास गेला नाही. तो घालवायला 150 अंशांच्या वर कोरडी उष्णता लागते, आणि यांच्याकडे स्टेंटरच (कापड ताणून गरम हवेत सुकवणारं यंत्र) नाही! कॅरिअर धाग्यात राहिला तर रंग उन्हात लवकर उडतो, ते वेगळंच.

बिल तर विचारूच नका. रंगाईचा दर किलोवर, पण 'मिनिमम लॉट'च्या नावाखाली दुप्पट वजन धरलेलं, कॅरिअर वेगळा, आणि 'वास काढणे' वेगळं. न निघालेल्या वासाचे पैसे!

शेवटी पावण्यातल्या एका एचटी (हाय टेंपरेचर) मशीनवाल्याने 130 अंशांवर, दाबाखाली, कॅरिअरशिवाय नवा तागा रंगवून दिला. काय शेड आली! एकही ठिपका नाही.

तेव्हा फोनवर पहिला प्रश्न हाच: "एचटी आहे का?" नसेल तर फोन ठेवा. लोकर-पॉलिएस्टर मिश्र कापड असेल तरच कॅरिअरचा विचार करा, कारण 130 अंशांना लोकर खराब होते. तिथेही स्टेंटर आहे का, हे विचारा. ट्रायक्लोरोबेंझिन हा विषारी कॅरिअर वापरणारा भेटला तर तागा उचला आणि निघा. आधी लॅब डिप (छोट्या तुकड्यावर रंगवलेला नमुना) मागा, दर लिहून घ्या, कॅरिअर त्यातच धरलाय का तेही. उरलेला कॅरिअर कॅनमध्ये भरून लोकलने आणायच्या भानगडीत पडू नका. असला माल डब्यात न्यायला रेल्वेची बंदी आहे. आणि घरी गॅसवर कॅरिअरने रंगवणं तर अजिबात नाही.