खेळाडू यायच्या आधी बाथरूमचा दरवाजा मोजा

नाशिकमध्ये दिव्यांग खेळाडूंची मोठी स्पर्धा ठरली की पहिली चर्चा होते स्वागताची: हार, फेटे, बॅनर, जेवणाचा बेत. राहायची सोय पंचवटीतल्या एखाद्या भक्तनिवासात नाहीतर मंगल कार्यालयात केलेली असते. खोल्या स्वच्छ आहेत, एवढं कोणीतरी बघूनही आलेलं असतं. बाथरूमचा दरवाजा मात्र कोणी मोजलेला नसतो.

साधी व्हीलचेअर चाकांसकट २४ ते २६ इंच रुंद असते. जुन्या इमारतीतल्या बाथरूमचा दरवाजा दोन-सव्वादोन फूट, आणि तो उघडल्यावर फळीची जाडी व कडी मिळून दीड-दोन इंच आणखी जातात. म्हणजे खेळाडू दारातच अडकतो. टेप चौकटीवर लावू नका, दार पूर्ण उघडून मधली मोकळी जागा मोजा. कमी पडत असेल तर बिजागऱ्या काढून फळी उतरवा आणि जाड पडदा लावा. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे. आत उघडणारं दार तर उतरवलेलंच बरं, कारण कोणी आत पडलं तर ते बाहेरून ढकलता येत नाही.

हे केलं नाही तर काय होतं? बाथरूम गैरसोयीचं दिसलं की खेळाडू पाणी पिणंच कमी करतो. कोणाला सांगतही नाही. मग लघवीचा संसर्ग, ताप, आणि ज्या शर्यतीसाठी वर्षभर घाम गाळला ती अंथरुणातून बघायची. मणक्याच्या दुखापतीचे बरेच खेळाडू दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढतात. त्यांना साबण, हात पोचेल अशी कोरडी फळी आणि झाकणाची कचरापेटी लागते. तिन्ही गोष्टी स्वस्त आहेत, तरी बहुतेक ठिकाणी एकही नसते.

आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची देऊन मोकळं होऊ नका. ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात. जड, हातांची खुर्ची घ्या, पायांना रबरी बूट बसवा आणि पाठ भिंतीला टेकवून ठेवा. कमरेखाली संवेदना नसेल तर भाजलेलं कळत नाही, म्हणून बादलीत आधी गार पाणी, मग गिझरचं. नाशिकच्या थंडीत मायेने दिलेली गरम पाण्याची पिशवीही अशा खेळाडूच्या पायाशी ठेवू नये. सकाळी फोड दिसतो आणि तो भरायला आठवडे लागतात.

उंबऱ्यासाठी हिशेब सोपा: एक इंच उंचीला एक फूट उतार. चार इंचांची पायरी असेल तर चार फुटांची फळी. दोन फुटांत भागवलं तर खुर्ची मागे कलंडते.

नाशिकरोड स्टेशनवर गाडी काही मिनिटंच थांबते. दिव्यांगांचा डबा बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना टोकाला, गार्डच्या डब्यालाच जोडलेला असतो. त्यामुळे प्लॅटफॉर्मच्या मध्ये हार घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही. डबा कुठे येणार ते आधी विचारून चौघांनी तिथे थांबा. उतरवताना कुठे धरायचं ते खेळाडूच सांगेल. न विचारता काखेत हात घालू नका. खुर्ची उचलायची तर चौकटीला धरा. हातांचे टेकू आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बऱ्याच खुर्च्यांना निघणाऱ्या असतात, त्या हातात येतात.

शर्यतीच्या खुर्च्या सामानाबरोबर टेम्पोत रचू नका, घोंगड्यात गुंडाळून एकेरी ठेवा. चाकं काढली तर प्रत्येक चाकावर खेळाडूचा क्रमांक आणि डावं-उजवं चिकटपट्टीवर लिहा. द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीचा वेळ धराच, पण एकेका खेळाडूला बसमध्ये चढायला चार-पाच मिनिटं लागतात तीही मोजा.

अंध खेळाडूला खोली एकदा भिंतीच्या कडेने फिरून दाखवा आणि त्यानंतर खाट-खुर्ची हलवू नका. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद; अर्धवट दाराची कड कपाळावर बसते. ताट घड्याळाप्रमाणे सांगा: बारावर मीठ, दोनवर भाजी, दहावर चटणी. कर्णबधिर खेळाडूच्या दारावर कितीही थापा मारल्या तरी उपयोग नाही. दिव्याचं बटण बाहेर असेल तर दिवा दोनदा उघडझाप करा, वेळापत्रकातला बदल फळ्यावर लिहा.

मैदानावर सावली आधी. मणक्याला वरच्या भागात दुखापत असलेल्यांना दुखापतीखालच्या अंगाला घाम नीट येत नाही आणि अंग तापत जातं. रोल कॉलच्या जागी मांडव, ओले टॉवेल आणि पाण्याचा फवारा ठेवा.

घरातलं खोकल्याचं औषध, चूर्ण, काढा कोणालाही देऊ नका. उत्तेजक चाचणीत काही सापडलं तर जबाबदारी खेळाडूवरच येते, औषध कोणी दिलं हा बचाव सहसा पुरत नाही. कोणी आजारी वाटलं तर संघाच्या डॉक्टरांना बोलवा. मिसळही स्पर्धा संपल्यावरच खाऊ घाला.

रात्रीसाठी हवेचा पंप, ॲलन चाव्यांचा संच, पंक्चरचं सामान आणि जवळच्या सायकलवाल्याचा नंबर मुक्कामाच्या दारातच ठेवा. ट्यूब पंक्चर झालेली बहुतेक दिवे मालवल्यावरच लक्षात येते.