चौथा परिच्छेद

१२ जानेवारी २०१९, शनिवार. त्या दिवशी ग्रुप डिस्कशनला विषय मीच दिला होता. दोन दिवस आधी, गुरुवारी, लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांची सेनादिनाआधीची वार्षिक पत्रकार परिषद झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान माणसांचे संमतीचे समलैंगिक संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले, मग आता लष्करात काय, असा प्रश्न त्यांना आला. लष्करात हे चालणार नाही, लष्कर जुन्या वळणाचं आहे, अशी प्रकरणं आम्ही आर्मी अ‍ॅक्टच्या कलमांखाली हाताळत राहू, असं त्यांनी सांगितलं. आम्ही देशाच्या कायद्याच्या वर नाही, पण फौजेत आल्यावर काही हक्क मागे ठेवावे लागतात, असंही ते म्हणाले. शुक्रवारच्या पेपरांत ते सगळं छापून आलं. एसएसबीला, म्हणजे फौजेचे अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढे, जाणाऱ्या मुलांना ताज्या बातमीवर बोलता यायला हवं, म्हणून मी तो विषय फळ्यावर लिहिला आणि वीस मिनिटं लावली.

मी पायदळातून निवृत्त झालेला अधिकारी. फोंड्याला वरच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर शनिवार-रविवार मुलांची तयारी करून घेतो. गोव्यातून अधिकारी व्हायला निघणारी मुलं थोडी. कोणाला बोटीवर जायचं असतं, त्या काळी कोणी पोर्तुगालच्या नागरिकत्वाचे कागद करून इंग्लंडही गाठायचा. त्यामुळे जी मुलं येतात, त्यांच्यावर जीव जडतो. त्या वर्षी नऊ होती, सात मुलगे आणि दोन मुली.

चर्चा रंगली. एक जण म्हणाला, “सियाचीनला एका तंबूत चार जण झोपतात, तिथे असा माणूस शेजारी कसा चालेल?” दोघंतिघं हसले. त्यावर एक मुलगी ताडकन म्हणाली, “मुलींना घेऊ नका म्हणतानाही हेच सांगत होते. तंबू, न्हाणीघर, जवान ऐकणार नाहीत. आता आम्ही बसलोय ना इथे?” मी वहीत तिच्या नावापुढे खूण केली. बोलण्यात जोर होता आणि मुद्दाही होता. ज्याच्याकडून मला सगळ्यांत जास्त अपेक्षा होती, तो मात्र वीस मिनिटांत एक शब्द बोलला नाही. त्याला भोपाळच्या एसएसबीचं बोलावणं आलेलं, तारीख फेब्रुवारीची. मी त्याच्या नावापुढे लिहिलं, ‘सहभाग शून्य’.

(त्याची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लिहिण्याआधी त्याला विचारलंही आहे.)

नंतर एसडी घेतली. सेल्फ डिस्क्रिप्शन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एसएसबी पाच दिवस चालते आणि त्यात मानसशास्त्राच्या चार लेखी चाचण्या असतात. टॅटमध्ये चित्र बघून गोष्ट लिहायची, बारा गोष्टी. वॅटमध्ये साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. एसआरटीत साठ प्रसंग आणि अर्धा तास. शेवटी एसडी, पंधरा मिनिटांत पाच परिच्छेद. आईवडील तुझ्याविषयी काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, तुझं स्वतःचं मत काय, आणि पुढे तुला कसं व्हायचं आहे. वर्षानुवर्षं मी मुलांना एकच गोष्ट बजावत आलो होतो. इथे खोटं लिहू नका. चारही चाचण्यांतून माणूस एकच दिसला पाहिजे. पहिल्या तिघांत वाघ आणि एसडीत शेळी, हे सायकॉलॉजिस्टला लगेच कळतं.

कागद गोळा केले. मुलं जिना उतरून गेली. तो थांबला.

“सर, मातशें उलोवपाचें आसा.” थोडं बोलायचं आहे.

वर्गात आम्ही मराठीत बोलतो. माझ्याशी तो त्याआधी कधी कोकणीत बोलला नव्हता. मी त्याचा कागद वर काढला. रेघांचा फुलस्केप, निळं बॉलपेन, अक्षर सरळ. आईवडील, शिक्षक, मित्र, तिन्ही भाग भरलेले. ‘४’ हा आकडा लिहून त्याला वर्तुळ केलेलं आणि त्यापुढे काही नाही. फक्त एका जागी पेनाचं टोक दाबून दाबून कागदाला भोक पडलं होतं. पाचवा भाग पुन्हा नीट लिहिलेला.

“हे कोरं का?”

“तुम्हीच सांगितलं सर, खोटं लिहायचं नाही.”

“मग खरं लिही.”

तो खिडकीकडे बघत म्हणाला, “जनरलसाहेब ज्यांच्याबद्दल बोलले, त्यांतला मी आहे, सर.”

खाली एक कदंबा बस हॉर्न देत अडकली होती. ती निघून जाईपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो. मग मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण त्यातच माझी चूक आहे. मी म्हणालो, “हे बघ पुता, पीआयक्यू फॉर्ममध्ये असा रकाना नाही. शिक्षण, खेळ, छंद, वडिलांचा धंदा, उंची, वजन, बस. मुलाखतीत कोणी विचारणार नाही. तू सांगू नकोस.” हे बोलल्यावर मला हलकं वाटलं. प्रश्न सुटला असं वाटलं.

त्याला वाटलं नाही. “आणि कमिशन मिळाल्यावर, सर? मेसमध्ये सिनिअर विचारतील, लग्न कधी. मॅडम लोक स्थळं आणतील. तेव्हा काय सांगू? घरी मैत्रीण आहे म्हणून? आणि एकदा सांगितलं की पुढे दर वर्षी तेच. अकादमीत खोटं बोलणाऱ्या कॅडेटची गय करत नाहीत, हे तुम्हीच सांगता ना?”

मी सांगतो, कारण ते खरं आहे. चूक केली तर रगडा मिळतो. पण चूक झाकायला खोटं बोललास तर टर्म जाते, कधी घरीही जावं लागतं. ज्याच्या शब्दावर तीस माणसं रात्री नाला ओलांडणार, त्याचा शब्द पक्का हवा, एवढं साधं कारण आहे. आणि या मुलाला मी पहिल्याच दिवशी आयुष्यभराचं खोटं बरोबर बांधून देत होतो.

मी त्याला म्हणालो, “पुढच्या शनिवारी बोलू. मला विचार करू दे.” त्याने मान हलवली. जिना उतरताना मागे वळून म्हणाला, “घरी काही माहीत नाही, सर.”

रात्री झोप आली नाही. ‘कोणी विचारणार नाही, तू सांगू नकोस’ हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं ते आठवलं. अमेरिकेच्या फौजेत १९९३ पासून हेच धोरण होतं, याच शब्दांचं. विचारू नका, सांगू नका. त्याखाली तेरा हजारांहून अधिक माणसं नोकरीतून काढली गेली. २ फेब्रुवारी २०१० ला त्यांच्या संयुक्त सेनाप्रमुखांनी, अ‍ॅडमिरल माइक मलन यांनी, सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की स्वतःचं मत विचाराल तर हे धोरण जायला हवं. देशबांधवांचं रक्षण करायला निघालेल्या तरुणांना आपण कोण आहोत याविषयी खोटं बोलायला लावतो, याचा मला त्रास होतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तेव्हा मी नोकरीत होतो. मेसमध्ये बातमी वाचली आणि पान उलटलं. गणवेशातल्या माणसाने हे बोलणं किती अवघड असतं ते मला कळत होतं. तरी ते आपल्याशी संबंधित आहे असं मनात आलं नाही. २० सप्टेंबर २०११ ला ते धोरण संपलं.

ब्रिटनचं आणखी जुनं. तिथे समलैंगिक म्हणून नौदल आणि हवाई दलातून काढलेल्या चौघांनी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, १९९९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १२ जानेवारी २००० ला बंदी उठली. आमच्या वर्गाच्या बरोबर एकोणीस वर्षं आधी, त्याच तारखेला. बंदी उठली तर फौज मोडेल, असं तिथेही मोठमोठे अधिकारी सांगत होते. राजीनाम्यांची लाट काही आली नाही.

आपल्याकडचा कायदा मी पुस्तकातून पुन्हा वाचला. घटनेच्या ३३ व्या कलमानुसार सैनिकांचे मूलभूत हक्क संसद कमी करू शकते, शिस्तीसाठी. जनरल रावत बोलले ते त्या आधारावर, मनाला आलं म्हणून नाही. १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टच्या ४६ व्या कलमात क्रूर, असभ्य किंवा ‘अनैसर्गिक’ स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. हा ‘अनैसर्गिक’ शब्द १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेच्या विचारातूनच आलेला. आम्ही पाश्चात्त्य झालेलो नाही, असं जनरल त्याच पत्रकार परिषदेत म्हणाले होते. पण ज्याला आपण आपली परंपरा म्हणून सांभाळतो, तो शब्द इंग्रज साहेबाने आणला आणि साहेबाने स्वतःच्या फौजेतून काढूनही टाकला.

जनरल रावतांबद्दल माझ्या मनात आदर होता आणि आहे. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर कोसळलं तेव्हा मी घरात एकटा बसून रडलो. त्यांची काळजी मला समजते. जवानाने साहेबावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा असतो, आणि साहेबाने पदाचा वापर करून जवानाशी गैर वागणं हा फौजेतला फार मोठा गुन्हा आहे. त्याला सोडू नये. पण तो गुन्हा पदाच्या गैरवापराचा. पुरुष अधिकाऱ्याने महिला अधिकाऱ्याशी केला तरी तितकाच मोठा. त्यासाठी कलमं हवीत, कडक हवीत. ज्याने कोणाच्या अंगाला बोट लावलेलं नाही, त्याला तो जसा आहे तेवढ्यासाठी लज्जास्पद म्हणायचं, हे मला पटत नाही. घाबरून लपून राहणारा अधिकारी शत्रूच्या हेराला धमकवायला सोपा, हेही ज्यांनी गुप्तवार्तेचं काम केलं आहे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. त्याला लपायला लावतं कोण?

आणि मग मला कॅप्टन आठवला.

त्याचं नाव, युनिट, जागा काही लिहीत नाही. माझ्या हाताखाली होता. मी पाहिलेल्या तरुण अधिकाऱ्यांत नकाशा वाचण्यात त्याच्या जवळपास कोणी नव्हतं. रात्री, धुक्यात, तो खडकाच्या आकारावरून सांगायचा आपण कुठे आहोत. त्याच्याविषयी कुजबुज होती. एक दिवस त्याचा राजीनाम्याचा अर्ज टेबलावर आला, ‘घरगुती कारणास्तव’. त्याच्या घरी तसं काही नव्हतं, मला माहीत होतं. मी विचारलं नाही. ‘शिफारस’ लिहून सही केली आणि कागद वर पाठवला. जाताना तो माझ्या ऑफिसात आला, कडक सॅल्यूट केला. मी बस म्हटलं असतं तर बसला असता. मी फाइलीत बघत होतो.

माझ्या नोकरीत मी बरेच निर्णय घेतले, काही चुकले. पण ती सही मला टोचते.

पुढच्या शनिवारी तो मुलगा सगळ्यांच्या आधी आला. आईने दिलेले तिळाचे लाडू डब्यातून आणले होते, संक्रांत नुकतीच झालेली. मी त्याला सांगितलं, मागच्या वेळी मी तुला जे सांगितलं ते सोयीचं होतं, बरोबर नव्हतं. आज कायदा तुझ्या बाजूने नाही, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तू आत गेलास आणि कोणाला कळलं, तर नोकरी जाऊ शकते. मला विचारशील तर, तू चांगला अधिकारी होशील. जायचं की नाही, हे तू ठरव. कधीही, कुठूनही फोन कर, माझ्याशी खोटं बोलावं लागणार नाही. एवढंच माझ्या हातात होतं. मी कॅप्टनबद्दलही सांगितलं. तो ऐकत राहिला. मग विचारलं, “ते आता कुठे असतात, सर?” मला सांगता आलं नाही.

त्याने नवा कागद काढून दिला. पाचही भाग भरलेले. चौथ्यात लिहिलं होतं की तो पटकन मिसळत नाही, एकदा हातात घेतलेलं काम सोडत नाही, नदीत पोहताना त्याला सगळ्यांत स्वस्थ वाटतं, राग आला तर दोन दिवस बोलत नाही आणि हे त्याला बदलायचं आहे. मी दोनदा वाचलं.

“यात खोटं एकही वाक्य नाही, सर,” तो म्हणाला. “फक्त सगळं नाही.”

फेब्रुवारीत तो गोवा एक्सप्रेसने भोपाळला गेला. मी मडगावला सोडायला गेलो होतो. गाडी सुटायच्या आधी दारात उभा राहून त्याने तो पहिला, कोरा सोडलेला कागद परत मागितला. मी घरून आणलेला नव्हता.

त्याची निवड झाली की नाही, हे मी इथे लिहिणार नाही. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता गेली, तिच्याबरोबर ३७७ गेलं, पण आर्मी अ‍ॅक्टचं ४६ वं कलम आहे तिथेच आहे. झाली म्हटलं तर लोक त्याला शोधतील. नाही म्हटलं तर ज्यांची झाली त्यांच्याकडे बघायला लागतील.

तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. वरच्या ओळीत त्याचं नाव आणि चेस्ट नंबर होता. तेवढी पट्टी मी फूटपट्टी लावून फाडली आणि चुलीत टाकली.