काकडीचे वाण निवडताना मी आधी फुले पाहते

बियाण्याच्या पाकिटावरचे सरळसोट, हिरवेगार फळ पाहून काकडीचे वाण निवडण्याची चूक मी बरीच वर्षे केली. फळाचा रंग, लांबी आणि साल यांना महत्त्व आहेच. पण वेलाला फळ धरणार की नाही हे ठरते फुलांवरून, आणि फुलांचे चित्र पाकिटावर सहसा नसते. म्हणून आता नवे पाकीट हातात आले की मी ते आधी उलटे करते आणि मागचा बारीक मजकूर वाचते.

नेहमीच्या सरळ (म्हणजे संकरित नसलेल्या) वाणांच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन्ही प्रकारची फुले वेगवेगळी येतात. आधी नर फुले येतात, तीही पातळ देठांवर झुपक्याने, आणि काही दिवसांत सगळी गळून जातात. नवखा माणूस इथेच धास्तावतो. मादी फूल नंतर येते आणि ते ओळखायला सोपे असते, कारण पाकळ्यांच्या मागे पेराएवढी, बारीक लव असलेली काकडीच दिसत असते. हे फूल साधारण एक दिवस उमललेले राहते आणि तेवढ्या वेळात मधमाश्यांनी त्यावर अनेकदा येऊन जावे लागते. पराग अपुरा पडला तर फळ धरते, पण एका टोकाला निमुळते किंवा मधेच वाकलेले राहते.

दुसरा प्रकार जवळजवळ सगळी फुले मादीच येणाऱ्या वाणांचा. यात लवकर आणि भरघोस फळे मिळतात, मात्र पराग पुरवायला नर फुले असलेला वेल जवळ लागतो. त्यासाठी अशा पाकिटात दुसऱ्या वाणाच्या थोड्या बिया मिसळलेल्या असतात आणि त्या ओळखू याव्यात म्हणून पुष्कळदा वेगळ्या रंगाने रंगवलेल्या असतात. मला हे ठाऊक नव्हते. पाकिटात निघालेल्या तीन-चार वेगळ्या रंगाच्या बिया खराब असाव्यात असे समजून मी त्या बाजूला काढल्या आणि एकसारख्या दिसणाऱ्या तेवढ्या पेरल्या. वेल जोमाने वाढले, प्रत्येक पेऱ्यावर इवलीशी काकडी दिसू लागली आणि मी फळे मोजायलाही लागले. आठवडाभरात त्या सगळ्या टोकाकडून पिवळ्या पडून सुकल्या. पाणी कमी पडले म्हणून मी पाणी वाढवले, खत कमी पडले म्हणून खत घातले. टाकून दिलेल्या बियांचे कारण लक्षात आले तेव्हा हंगाम संपत आला होता.

तिसरा प्रकार परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या वाणांचा. लांब, पातळ सालीच्या, बिनबियांच्या काकड्यांचे बहुतेक वेल याच जातीचे असतात. बेट अल्फा या गटातील आखूड, गुळगुळीत काकड्यांतही असे पुष्कळ संकरित वाण आहेत. उंचावरची बाल्कनी, जाळीने बंद केलेली जागा किंवा जिथे मधमाशी फिरकतच नाही असा कोपरा असेल, तर हेच वाण घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. रोज सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर टेकवत बसण्याचा उत्साह पहिला आठवडाभर टिकतो. मात्र हे वेल बियांच्या काकडीशेजारी उघड्यावर लावू नयेत. मधमाशीने तिकडचा पराग इकडे आणला की फळात बिया भरतात आणि त्याचे खालचे टोक गदेसारखे फुगते. मी हे दोन्ही वेल एकाच मांडवावर चढवले होते, त्यामुळे बिनबियांच्या म्हणून लावलेल्या काकड्या कापल्यावर बियाच अधिक निघाल्या.

शेजारी दुसरे वाण किंवा खरबूज लावले म्हणून काकडी कडू झाली, असे मात्र नसते. खरबुजाशी काकडीचा संकर होत नाही, आणि दोन काकड्यांचा झाला तरी त्याचा परिणाम पुढच्या पिढीच्या बियांत दिसतो, यंदाच्या गराच्या चवीवर नाही. कडूपणा येतो तो कुकुरबिटासिन या द्रव्यामुळे. ते पानांत आणि देठांत असतेच. ऊन, पाण्याची ओढ किंवा अनियमित पाणी यांचा ताण पडला की फळात उतरते, आणि देठाकडच्या भागात व सालीलगत अधिक साठते. काही वाणांत हे द्रव्य जवळजवळ तयारच होत नाही. ज्यांना रोज वेळेवर पाणी घालणे जमत नाही (मी त्यांतलीच), त्यांनी पाकिटावर 'कडवटपणा नसलेले' हे शब्द आवर्जून शोधावेत.

जागेचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. पसरणाऱ्या वेलाला दीड-दोन मीटर उंचीचा आधार द्यावा. लांब फळे लोंबती राहिली तरच सरळ वाढतात, जमिनीवर टेकली की वाकतात. कुंडीसाठी स्पेसमास्टरसारखे आखूड वेलाचे वाण बरे, तरीही कुंडीत किमान पंधरा-वीस लिटर माती मावली पाहिजे. अशा वाणांची फळे थोड्या दिवसांत येऊन संपतात, त्यामुळे तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा दोन बिया टोचाव्या लागतात.

हवा दमट असेल तर चवीआधी रोगांचा विचार करावा लागतो. पानांवर पांढरी भुकटी धरणारी भुरी आणि शिरांच्या मधे कोनाकार पिवळे डाग पाडणारा केवडा हे दोन रोग वेल बघता बघता वाळवतात. कॉर्नेल विद्यापीठात हेन्री मंगर यांनी तयार केलेले मार्केटमोर ७६ हे वाण पानांवर चट्टे पाडणाऱ्या मोझॅक विषाणूला आणि या दोन्ही रोगांना बऱ्यापैकी तोंड देते, शिवाय ते सरळ वाण आहे. अर्थात प्रतिकारशक्ती म्हणजे रोग होणारच नाही असे नव्हे. तो उशिरा येतो आणि तोवर आपली काकडी खाऊन होते.

सरळ वाणाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण एफ१ (म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीच्या) वाणाचे बी धरून पुढच्या वर्षी तीच काकडी मिळत नाही. बी राखायचे असेल तर एखादे सरळ वाण घ्यावे आणि आदल्या संध्याकाळी मादी कळी व नर कळी उमलू नये म्हणून प्रत्येकीचे तोंड दोऱ्याने हलकेच बांधून ठेवावे. सकाळी त्यांचे परागीभवन हाताने करून मादी फूल पुन्हा बांधावे, आणि ते एक फळ पिवळे, जून होईपर्यंत वेलावर राहू द्यावे. त्या वेलाची बाकीची फळे कोवळीच तोडावीत, कारण फळे जून होऊ दिली की वेल नवी फळे धरण्याचे मंद करतो.

आता चवीविषयी. १९३५ साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नव्या वाणांची चाचणी घेणाऱ्या अमेरिकी संस्थेचा मान मिळालेली स्ट्रेट एट ही साधी, रसदार काकडी मला अजूनही आवडते. मात्र ती वीस सेंटिमीटरच्या आत तोडली पाहिजे. लोणच्यासाठीची गाठाळ, आखूड वाणे कच्ची खायलाही कुरकुरीत लागतात. लेमन नावाची गोल, पिवळी काकडी फिकट असतानाच तोडावी, गडद पिवळी झाली की आत बियाच बिया. लांब, फिकट हिरवी, शिरा असलेली 'तर' नावाची काकडी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरबुजाच्याच प्रजातीतली आहे, पण कडक उन्हात ती इतर काकड्यांपेक्षा अधिक तग धरते.

यंदा मांडवावर मार्केटमोरचे तीन वेल आहेत, गच्चीच्या कठड्याशी एक लेमन. बिनबियांच्या काकडीची कुंडी मी घराच्या दुसऱ्या बाजूला, खिडकीच्या जाळीच्या आत ठेवली आहे.