त्सिमरमानची सही

माझ्या संगणकावर गेले तीन आठवडे एक प्रश्न उघडा पडून आहे. ‘या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का?’ खाली दोन चौकोन, होय आणि नाही. असा प्रश्न मला दिवसातून वीस-पंचवीस वेळा पडद्यावर दिसतो आणि चहा पिता पिता मी उत्तर देऊन टाकते. या एकाच ठिकाणी बोट पुढे जात नाही.

मी अमेरिकेत जुन्या कागदांच्या एका संग्रहात नोकरी करते. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे. पुण्यात असताना मोडी शिकले होते, पेशवे दफ्तरातले रुमाल सोडून पुन्हा बांधले होते. इथे मुलाखतीला मोडीच्या एका पानाची प्रत नेली. समोरच्या तिघांना एक अक्षर कळलं नाही, पण जिला हे वाचता येतं तिला जुनी जर्मन कुरेंट लिपीही येईल असं त्यांनी धरून चाललं. येत नव्हती. सहा महिन्यांत शिकले. कुरेंटमधला ‘इ’ अगदी ‘एन’सारखा दिसतो आणि ‘यू’च्या डोक्यावर एक बाक काढतात, एवढं कळलं की निम्मी लढाई जिंकली. मोडी वाचणाऱ्याला त्याचं काय कौतुक!

सध्या माझ्याकडे पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांकडे आलेले अर्ज आहेत. गव्हर्नर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर राजभवन येतं, तसं नाही. इथला गव्हर्नर निवडून येतो, आणि त्या काळात तर त्याच्या हातात मुख्यमंत्र्यालाही हेवा वाटावा एवढी सत्ता होती. १७९० च्या राज्यघटनेने बहुतेक सगळ्या नेमणुका त्याला एकट्याला दिल्या होत्या, सिनेटची संमतीही लागत नसे. जिल्ह्यातला प्रोथोनोटरी, म्हणजे दिवाणी न्यायालयाचा मुख्य कारकून (हा शब्द मुंबई उच्च न्यायालयात खेटे घातलेल्यांना ठाऊक असेल), मृत्युपत्रांचा रजिस्टर, दस्तांचा रेकॉर्डर आणि खेड्यापाड्यांतले छोटे दावे चालवणारे जस्टिस ऑफ द पीस, सगळे त्याच्या सहीने. नवा गव्हर्नर आला की हॅरिसबर्गला अर्जांचा पूर येई. १७९९ मध्ये थॉमस मॅककीन निवडून आला तेव्हा त्याने विरोधी पक्षाच्या लोकांना सरसकट घरी पाठवून हा पायंडा पाडलाच होता. १८२० च्या निवडणुकीत जोसेफ हीस्टरने विल्यम फिंडलेला हरवलं. माझ्या टेबलावरची पेटी हीस्टरच्या पहिल्या काही महिन्यांची.

बाहेरच्यांना वाटतं की आम्ही पांढरे हातमोजे घालून इतिहास वाचत बसतो. हातमोजे घालत नाही. बोटांना कागद कळत नाही आणि कडा फाटतात. आणि वाचन थोडंच असतं. बहुतेक वेळ घड्या उलगडण्यात जातो. कागद तीन-चार घड्यांचा, वरच्या पट्टीवर कारकुनाने लिहिलेलं असतं: कोणाचा अर्ज, कोणता जिल्हा, कोणती जागा, कधी पोचला. दोनशे वर्षांची घडी एकदम उघडली तर मोडते, म्हणून ओलसर हवेच्या डब्यात ठेवून तिला आधी मऊ करायचं. कागद चिंध्यांचा, उत्तम. शाई मात्र मायफळ आणि लोखंडाची, ती कागदाला हळूहळू खाते. कारकुनाने जिथे जोर देऊन रेघ ओढली तिथे आता भोकं आहेत. आपली काजळाची शाई असं करत नाही. आपल्याकडे कागद खायला कसर असते, ही गोष्ट वेगळी.

अर्जाचा मजमून ठरलेला. ‘हिज एक्सलन्सी’ने सुरुवात, मग अमुक टाउनशिपच्या (जिल्ह्यातल्या छोट्या विभागाच्या) रहिवाशांची विनंती, मग अमुक माणूस सचोटीचा, लायक आणि सर्वांना मान्य. खाली सह्या. आमच्या ‘श्रीमंत स्वामींचे सेवेसी विनंती विशेष’ची इथली आवृत्ती. मजकुरात काहीच नसतं, जे काय असतं ते सह्यांत. सह्यांचे कागद गावात वेगवेगळ्या हातांतून फिरत आणि नंतर वरचं मथळ्याचं पान कापून, पिठाच्या छोट्या चकत्यांनी एकाखाली एक चिकटवत. त्यामुळे खालच्या पानावर सही करणाऱ्याने वरचा मजकूर पाहिला होता का, हे कागद सांगत नाही. ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या नावाच्या मध्यभागी फुली. आपल्याकडच्या पाटलाच्या नांगराच्या निशाणीला निदान चेहरा तरी आहे. इथे सगळ्यांची तीच फुली.

तर प्रकरण असं. १८२१ चा वसंत ऋतू, जर्मन वस्तीची एक टाउनशिप, एका दुकानदाराला जस्टिस ऑफ द पीस करावं म्हणून अर्ज. ६१ सह्या. पेटीत काही घड्या सोडून दुसरा कागद, त्याच माणसाला नेमू नये म्हणून. ३८ सह्या, त्यातल्या २२ कुरेंटमध्ये.

विरोधाचा मजकूर वाचला आणि मी खुर्चीत सरळ बसले. जस्टिसला पगार नसे, दर कामाची फी. पण १८१० च्या कायद्याने शंभर डॉलरपर्यंतच्या देण्याघेण्याचे दावे त्याच्यापुढे चालत. आणि नेमणूक वर्तन चांगलं असेपर्यंत, म्हणजे जवळजवळ जन्मभर. अर्जदार दुकानदार. विरोधकांचं म्हणणं एवढंच होतं की निम्मी टाउनशिप याच्या उधारीच्या वहीत आहे, तोच उद्या न्यायाला बसला तर जायचं कुठे?

मग मी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे महिन्याला किती कागद ‘निपटवले’ ते मोजतात आणि आमचे साहेब तक्ता भरला की खूश असतात. माणूस भला आहे, दिवाळीला आठवणीने सुट्टी देतो, पण कागदातल्या गोष्टीपेक्षा कागदांच्या संख्येवर त्याचा जास्त जीव. माझ्याआधी कुणीतरी दोन्ही कागदांतली नावं भरून एकूण ९९ व्यक्ती अशी नोंद करून मोकळा झाला होता.

अकरा नावं दोन्हीकडे होती. अक्षरही तेच, वळणही तेच. म्हणजे त्याच माणसांनी स्वहस्ते आधी ‘नेमा’ म्हटलं आणि मग ‘नेमू नका’. त्यांतल्या एकाचं स्वतंत्र पत्रही निघालं, त्याच चकत्यांनी बंद केलेलं. आपलं नाव पहिल्या अर्जातून काढावं अशी विनंती. तो मीठ आणायला दुकानात गेला होता, अर्ज गल्ल्यावर पसरलेला होता आणि दुकानदार समोर उभा होता. त्या पत्रात याहून जास्त काही नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात काम करणारा विद्यार्थी हसत म्हणाला, ही सगळी खोटारडी माणसं. मी त्याला काही बोलले नाही. बावीस वर्षांच्या मुलाने उधारीवर मीठ कधी घेतलंय?

मला आमचं गाव आठवलं. रेशनच्या दुकानाच्या परवान्यासाठी किराणावाल्या शेठने सह्या गोळा केल्या होत्या. बाबा शाळेत मास्तर, त्यांच्या सहीला वजन. त्यांनी सही केली. रात्री जेवताना आईने विचारलं, “तुम्हीच म्हणत होतात ना, हा मापात मारतो?” बाबा म्हणाले, “महिन्याचा किराणा कोण देतो आपल्याला पगार होईपर्यंत?” आणि भाकरी मोडली. विषय संपला. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

अकरा जणांचं ठीक. त्यांच्या नोंदी मी जोडल्या. खरी गाठ पुढे होती. पहिल्या अर्जात एका ठिकाणी ओळीने सहा नावं एकाच हातची आहेत, आणि तो हात मजकूर लिहिणाऱ्याचाच. फुली नाही, निशाणी नाही. मोडी कागदात लिहिणारा खाली ‘बिकलम’ म्हणून आपलं नाव तरी घालतो, आणि धन्याने स्वतः लिहिलं असेल तर ‘दस्तुरखुद्द’. इथे काहीच नाही. सहाही नावं इंग्रजी.

पेनसिल्व्हेनियाचे जर्मन लोक आपली आडनावं कधी इंग्रजी वळणाने लिहीत, कधी चक्क भाषांतर करत. गव्हर्नर सायमन स्नायडरचं घराणं मूळचं श्नायडर. दुसऱ्या कुठल्या गावात तोच श्नायडर टेलर होई, क्लाइन होई लिटल. या सहांत एक टेलर आहे, एक लिटल, एक जॉन कार्पेंटर. विरोधाच्या कागदावर कुरेंटमध्ये, जाड टाकाने, सावकाश लिहिलेले श्नायडर, क्लाइन आणि योहान्नेस त्सिमरमान. त्सिमरमान म्हणजे सुतार.

हे सापडलं त्या दुपारी मी उठून खिडकीपर्यंत दोनदा जाऊन आले. या क्षणासाठीच तर आपण ही नोकरी करतो. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “छान, मग जोडून टाक. ९९ मधून १४ वजा.”

टेलर आणि लिटल जोडले, कारण टाउनशिपच्या करयादीत दोघांचीही दोन्ही आडनावं शेजारी लिहिलेली सापडली. त्सिमरमान करयादीत नाही. १८२० च्या जनगणनेत त्या टाउनशिपमध्ये एक जॉन कार्पेंटर आहे, त्सिमरमान एकही नाही. मग तोच, नाही का? पण त्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, बाकीचे नुसते आकडे. कार्पेंटरच्या घरात दोन प्रौढ पुरुष आहेत. बाप कार्पेंटर आणि मुलगा त्सिमरमान असेल. किंवा उलट, जनगणनेवाल्यानेही त्सिमरमान ऐकून कार्पेंटर लिहिलं असेल. तोही इंग्रजी लिहिणाराच.

आमच्या तक्त्यात माणसाला एकच खण आहे: समर्थक किंवा विरोधक. नोंदी जोडल्या की नंतरची तारीख आधीचीला पुसते. म्हणजे ‘होय’ दाबलं तर जॉन कार्पेंटर नाहीसा होतो आणि उरतो तो मत बदललेला त्सिमरमान. पण त्याने मत बदललं कुठे? पहिल्या अर्जावर त्याचा हातच लागलेला नसेल. दुकानदाराच्या माणसाने उधारीची वही उघडून सहा नावं उतरवली असतील. ‘नाही’ दाबलं तर आणखी पंचाहत्तर वर्षांनी कुणी संशोधक एका न झालेल्या माणसाला समर्थकांत मोजेल. आणि खरोखर बापलेक असतील, एकाच घरात एक या बाजूला आणि एक त्या बाजूला, तर ‘होय’ दाबून तेही मी पुसून टाकीन.

परवा कार्पेंटर आडनावाच्या एका बाईंचा निरोप आला. त्यांचा वंशवृक्ष या टाउनशिपपर्यंत पोचलाय, पूर्वजाच्या सहीचा फोटो हवा आहे, चौकटीत लावायला. असे लोक आमच्याकडे रोज येतात. त्यांना नाव हवं असतं, कागद नको असतो. मी विचारलं, घरात कुणी जुनं जर्मन लिहीत होतं का? त्यांनी उत्तर दिलं, छे, आम्ही मूळचे इंग्रज.

घडीच्या पट्टीवरचं सांगायचं राहिलं. विरोधाच्या अर्जावर कारकुनाने पोचल्याची तारीख घातली आहे. दुकानदाराला नेमल्याची नोंद त्याच्या नऊ दिवस आधीची. ३८ सह्या वाचल्या गेल्या असतील तर त्या नुसत्या घडी घालून ठेवण्यासाठी. जस्टिस निवडून यावेत ही तरतूद १८३८ च्या घटनेने केली. ती येईपर्यंत त्या टाउनशिपने शंभर डॉलरचे दावे त्याच गल्ल्यासमोर लढवले असतील.

काल साहेब विचारून गेले, त्या एका नोंदीचं काय अडलंय. मी म्हटलं, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीची प्रत मागवली आहे, जर्मन आहे, पाद्र्याचं अक्षर गचाळ आहे, वेळ लागेल. त्यांनी तक्त्यात ‘प्रलंबित’ असं लिहिलं. वही अजून आलेली नाही.